कस्टर्ड पावडर आणि इन्स्टंट पुडिंग मिक्स: ३० पानांसाठी, चुलीवर, लाइटचा भरवसा नसताना

वऱ्हाडची_सून (दर्यापूरजवळचं गाव)

नमस्कार मंडळी. मार्चअखेरीला घरी बारसं आहे, दुपारची ३० पानं. गोडाला पुडिंग करायचं ठरलंय. घरात दोन पाकिटं आहेत. एक गावच्या किराण्यातली कस्टर्ड पावडर, दुसरं नागपूरहून आणलेलं इन्स्टंट पुडिंग मिक्स, त्यावरचं माप ‘कप’मध्ये आहे. दोन्ही थोडी थोडी करून पाहिली, दोन्ही गरम दुधात. कस्टर्ड आधी छान झालं, पण संध्याकाळी पाहिलं तर वर पाणी सुटलेलं. इन्स्टंटच्या गुठळ्याच गुठळ्या, गाळल्यावर पातळ पाणी उरलं. संत्र्याच्या फोडी कोमट कस्टर्डमध्ये टाकल्या तर दूध फाटलं आणि दुसऱ्या दिवशी कडूही लागलं.

दूध घरचं म्हशीचं. फ्रीज आहे, पण दुपारी लाइट राहील याची खात्री नाही. संत्री मृग बहाराची आहेत, ती वापरायचीच आहेत. प्रमाण आणि पद्धत नीट सांगाल का?

गंज_सराटा

ताई, दोन्ही पाकिटांची पावडर दिसायला सारखी, पण काम अगदी उलटं.

कस्टर्ड पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास. अंडं नसतं त्यात. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ साली ती केलीच मुळी अंडं न सोसणाऱ्या बायकोसाठी. हा स्टार्च कच्चा असतो, उकळी मिळाल्याशिवाय पूर्ण फुलत नाही.

इन्स्टंट मिक्समधला स्टार्च कारखान्यातच शिजवून वाळवलेला असतो. तो थंड दुधातच पाणी ओढून घेतो. सोबत फॉस्फेटचे क्षार असतात, ते दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनाला धरून घट्टपणा आणतात. म्हणून सोयाच्या दुधात हे मिक्स बसत नाही. गरम दुधात टाकलं की पावडरीच्या गोळ्याला बाहेरून चिकट कवच येतं आणि आत कोरडी भुकटी अडकते. तुमच्या गुठळ्या त्याच. गाळून उपयोग नाही, कारण घट्ट करणारा मालच गाळणीत राहतो.

पाकिटावरचं वाचता आलं नाही तर अर्धा चमचा पावडर पाव वाटी थंड दुधात ढवळा आणि ३ मिनिटं थांबा. दूध दाट झालं तर इन्स्टंट. पावडर तळाशी जाऊन बसली तर ती उकळायची.

मापाचं सांगतो. पाकिटावरचा कप म्हणजे २४० मिली, आपला चहाचा कप नव्हे. ९६ ग्रॅमचं नेहमीचं पाकीट असेल तर २ कप, म्हणजे ४८० मिली दूध. आपलं दूध कच्चं वापरायचं नाही. आधी उकळा, पूर्ण थंड करा, साय काढा, मग फ्रीजमध्ये गारठवा. भांड्यात दूध घेऊन त्यावर पावडर भुरभुरा आणि २ मिनिटं सारखं घोटा. लगेच वाट्यांत ओता, ५ मिनिटांत धरतं. धरल्यावर चमचा फिरवायचा नाही, घडी मोडली की ती परत बसत नाही. एका पाकिटात ४-५ वाट्या होतात. ३० पानांना हे परवडणारं नाही, ते पाकीट घरच्यांसाठी ठेवा आणि बारशाला कस्टर्डच करा.

आता कस्टर्ड. अर्धा लिटर दुधाला २५ ग्रॅम पावडर घेतली तर पळीनं वाढण्याजोगं होतं, ३२ ग्रॅमला चमच्यानं कापता येतं, ४० ग्रॅमला साचा उलटा करून काढता येतो. मोजायचा १५ मिलीचा चमचा सपाट भरला की साधारण ८ ग्रॅम बसतात. माणशी १०० मिली धरा. ३ लिटर दुधाला पळीचं करायचं तर १५० ग्रॅम पावडर आणि ३५० ग्रॅम साखर. साखर याहून वाढवू नका. जास्त साखर पाणी धरून ठेवते, मग स्टार्च नीट फुलत नाही आणि मिश्रण सैल राहतं.

३ लिटरपैकी अर्धा लिटर दूध थंड बाजूला काढा आणि सगळी पावडर त्यात कालवा. उरलेलं अडीच लिटर जाड बुडाच्या गंजात (मोठ्या पातेल्यात) साखर घालून उकळा. चुलीवर खरी गडबड इथंच होते. उकळी आली की लाकडं मागं ओढा, खाली नुसता निखारा राहू द्या. कालवलेली पावडर पुन्हा तळापासून ढवळून घ्या, कारण दोन मिनिटांत ती खाली बसते आणि मग अर्धी ताकद वाटीतच राहते. बारीक धार एका हातानं सोडायची, दुसऱ्या हातानं सराटा (उलथणं) गंजाच्या बुडाला घासत फिरवायचा. कडेकडेनं फिरवला तर मधोमध करपतं, आणि एकदा करपल्याचा वास आला की तो जात नाही. तसं झालंच तर बूड न खरवडता वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. दाट झालं की लाकडं थोडी पुढं सारा. बुडबुडे फुटायला लागले की मोजून २ मिनिटं शिजू द्या.

ही २ मिनिटं वाचवली की पाणी सुटतं. लोक दाट दिसलं की उतरवतात. तेव्हा स्टार्च अर्धवट फुललेला असतो, थंड होताना पाणी सोडतो आणि जिभेला पिठूळही लागतो. पाणी सुटायची आणखी दोन कारणं आहेत. एक, थंड झाल्यावर पुन्हा ढवळणं. दुसरं, चव पाहिलेला उष्टा चमचा परत गंजात घालणं. लाळेतला अमायलेझ हा पाचक घटक स्टार्च तोडतो आणि काही तासांत सगळं पातळ होतं. चव पाहायला वेगळी वाटी ठेवा.

वर साय धरू नये म्हणून गरम असतानाच बटर पेपर किंवा स्वच्छ प्लास्टिक थेट पृष्ठभागाला चिकटवून झाका. नुसती ताटली झाकली तर वाफेचं पाणी आत पडतं.

संत्रा_पट्टा (वरुडकडचा)

वहिनी, संत्र्याबद्दल मी सांगतो.

दूध आंबटानं फाटतं आणि गरम असेल तेवढं लवकर फाटतं. म्हणून फोडी कोमट कस्टर्डमध्येही नको. कस्टर्ड पूर्ण गार, फोडी गार, आणि वाढायच्या वेळी वरून. एकेक फोड पाठीवरून नखानं उभी चिरा, पातळ पांढरं साल मागं वळवून सोला, बिया काढा. आतला गर अख्खा, चकाकता निघाला पाहिजे. चाळणीवर १५ मिनिटं ठेवून सुटलेला रस खाली गळू द्या, तो कस्टर्डमध्ये गेला नाही पाहिजे.

कडवटपणा सालातून आणि बियांतून येतो. त्यातलं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य ताज्या फोडीत जाणवत नाही, पण फोड फाटून रस सुटला की काही तासांनी चढत जातं. तुमचं दुसऱ्या दिवशी कडू झालं ते यामुळं. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस तर तासाभरातच वाया जातो.

माझं मत विचाराल तर संत्रं दुधात घालूच नका, त्याचा वेगळा थर करा. गाळलेला १ लिटर रस घ्या (मध्यम आकाराची १५-१६ संत्री लागतात, हातानं पिळलेली), ७० ग्रॅम कस्टर्ड पावडर किंवा मक्याचं पीठ, साखर चवीप्रमाणे १०० ग्रॅमपर्यंत. अर्धा रस, साखर आणि पावडर स्टीलच्या पातेल्यात शिजवा. अ‍ॅल्युमिनियमचा गंज नको, आणि बिनकल्हईचं पितळ तर अजिबात नको, आंबट त्याला लागतं. बुडबुडे आल्यावर १ मिनिट पुरे. इथं दुधासारखं २ मिनिटं शिजवायचं नाही, कारण आंबट रसात उकळत राहिलं की स्टार्च तुटतो आणि घट्ट झालेलं परत सैल पडतं. उतरवल्यावर उरलेला अर्धा रस थोडा थोडा घालत घोटा. वास ताजा राहतो, रंगही. हा थर गार करून वाट्यांत खाली घाला, वर गार कस्टर्ड. दूध फाटायचा प्रश्नच येत नाही, मधल्या रेषेवर किंचित दही झाल्यासारखं दिसलं तरी चवीला काही नाही.

सीताफळाचं सांगून ठेवतो, लोक हंगामात विचारतात. गर कधीही उकळायचा नाही, कडू होतो. कच्ची पपई आणि ताजं अननस दुधात टाळा, त्यातली एन्झाइमं दुधातली प्रथिनं तोडतात आणि कडवट चव येते. डब्यातलं अननस शिजलेलं असतं, ते चालतं.

झाडीपट्टी (गोंदियाकडून)

लाइट नसेल तर जेलीच्या नादी लागू नका बाप्पा. जिलेटिनवाली जेली ३०-३५ अंशांत सुटते, आपल्याकडे मार्चअखेरीला सावलीतही त्याच्या वर पारा असतो. शिवाय जिलेटिन जनावराचं, पाकिटावर हिरवा ठिपका आहे का पाहूनच घ्या.

चायना ग्रास घ्या. ते समुद्री शेवाळाचं असतं. ३५ ते ४० अंशांच्या आसपास धरतं आणि एकदा धरलं की ८५ च्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही, म्हणजे उन्हात वाढलं तरी वडी वडीच राहते. नुसत्या दुधाला लिटरमागे १० ग्रॅम लागतं. कस्टर्डसोबत निम्मं पुरतं: ३ लिटर दूध, १५० ग्रॅम कस्टर्ड पावडर आणि १५ ग्रॅम चायना ग्रास. मग परातीत ओतून चौकोनी कापता येतं.

काड्या असतील तर कात्रीनं बारीक करून अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत शिजवा. एकही दोरा दिसता कामा नये. गरम गरमच गाळून उकळत्या कस्टर्डमध्ये घाला आणि एक उकळी आणा. कोमट कस्टर्डमध्ये घातलं तर भेटल्या क्षणीच गोठतं आणि शेवयांसारखे दोरे होतात. पुष्कळांचं इथंच बिघडतं, आणि मग दोष पाकिटाला देऊन राहतात.

एक ध्यानात घ्या. खोलीतच ४० अंश असतील तर चायना ग्राससुद्धा धरायला मागत नाही. उथळ परातीत दोन बोटं जाडीचा थर करा, ती परात मोठ्या परातीतल्या रांजणाच्या पाण्यावर ठेवा, बाजूनं ओला सुती कपडा गुंडाळा. आपली हवा कोरडी, त्यामुळे ओल्या फडक्यानं चांगलं गार होते. पाणी दोनदा बदला. अख्खा गंज तसाच ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि कोमट दूध म्हणजे नासायला मोकळं रान.

उपासाचे कोणी असतील तर मक्याचं चालत नाही. शिंगाड्याचं पीठ वापरा, अर्धा लिटर दुधाला ३५ ग्रॅम, थंड दुधात कालवून ५-६ मिनिटं शिजवायचं. रंग मळकट येतो, चव चांगली. वर चारोळी घाला.

वऱ्हाडची_सून

खूप उपयोगी पडलं सगळं. म्हणजे खाली संत्र्याचा थर आणि वर पळीचं कस्टर्ड, असं वाट्यांत करते. दोन गोष्टी राहिल्या. आदल्या रात्री काय करून ठेवता येईल? आणि मधे ग्लुकोज बिस्किटांचा थर दिला तर?

गंज_सराटा

संत्र्याचा थर आदल्या रात्री करा, पण फ्रीजमध्येच ठेवा. त्यात दूध नाही, रात्री थोडा वेळ लाइट गेली तरी झाकण न उघडता टिकतो. कस्टर्ड त्याच सकाळी. दूध सकाळचं घ्या आणि आल्या आल्या उकळा. उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंत न उकळता राहिलं तर किंचित आंबतं. चवीला कळत नाही, पण साखर घालून उकळताना फुटतं.

साडेनऊला शिजवा, परातींत पसरून पाण्यावर ठेवा. तालुक्याहून बर्फाची लादी आणता आली तर पाण्यात टाका, कस्टर्डमध्ये नको, त्या बर्फाचं पाणी पिण्याचं असेलच असं नाही. साडेदहापर्यंत गार झालं की लगेच वाट्यांत ओतून फ्रीजमध्ये लावा आणि पंगत बसेपर्यंत दार उघडू नका. लाइट गेली तरी बंद फ्रीज तीनचार तास गारवा धरतो. पंगत बसली की बाहेर काढा. इतक्या उन्हात दुधाचं पुडिंग तासाभराच्या वर उघड्यावर ठेवू नका. उरलं तर फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत. डीप फ्रीजरमध्ये मात्र नको, बर्फ सुटताना स्टार्च सगळं पाणी सोडतो आणि स्पंजसारखं होतं.

बिस्किटांचं संत्र्यासोबत नको. रस ओढून त्यांचा लगदा होतो आणि थर मिसळतात. द्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी कस्टर्ड हवं, आणि बिस्कीट दुधात बुडवून ठेवायचं नाही, एका बाजूनं टेकवून लगेच काढायचं.

संत्रा_पट्टा

फोडी सोलायला माणसं सकाळी बसवा, आदल्या रात्री सोललेल्या नको. ३० वाट्यांना वाटीत ३ फोडी धरल्या तर ९० होतात, एका संत्र्यात साधारण १० फोडी, म्हणजे ९-१० संत्री. तुटणाऱ्या धरून १२ घ्या. वाट्या पंगतीत गेल्यावर फोडी वर ठेवा.