सपाट माळावर एसआरटीएम जास्त दगा देतो
संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरसाठी मार्ग बनवताना, सोलापूर-होटगी पट्टा सपाट आहे, तिथे एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, दर ३० मीटरला एक बिंदू असलेला) डेटा तसाच चालेल, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. उलट माळावरच तो जास्त दगा देतो. त्यात उंची पूर्ण मीटरमध्येच असते. शेजारच्या दोन बिंदूंत एका मीटरचा फरक आला की रुळाला थेट ३० ला १ (३० मीटर अंतरात १ मीटर) चढ लागतो. बोरघाटातसुद्धा चढ याहून कमी, ३७ ला १ आहे! शिवाय झाडं, छपरंही त्या रडारच्या उंचीत मिसळलेली असतात.

रुळाची उंची त्यावरून घेऊच नका. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, रुळाकडेला चढ-उताराचे खांब असतात. ते धरून आधी रूळ बसवा, मग भराव आणि जमीन त्याला जुळवा. लांबच्या शेतांना, टेकाडांना मात्र हा डेटा उत्तम.