आई शिकली की घर निरोगी होतं, की आधी पाणी लागतं?

गोदाकाठ (अंगणवाडी सेविका, परभणी जिल्हा):
पंधरा वर्षं लेकरांची वजनं घेतेय. दहावी झालेली आई लसीचं कार्ड स्वतः वाचते, तारीख हुकली तर मलाच जाब विचारते. न शिकलेलीची माया कमी नसते. पण लेकराला हगवण लागली आणि सासू म्हणाली, "पाणी बंद कर," तर तिला उलट बोलता येत नाही. शिकलेली लिटरभर पाण्यात ओआरएसची पुडी कालवते, सासूसमोर. लोकसंख्येचे अभ्यासक कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियाच्या अभ्यासातून हेच मांडलं होतं: शिकलेल्या आईच्या शब्दाला घरात वजन येतं, म्हणून लेकरं जगतात.

फडकरी (बीड):
ताई, माझी वहिनी बारावी आहे. सहा महिने उसाच्या फडात असते, लेकरू पाचटावर. कोपीजवळ, म्हणजे फडावरच्या झोपडीजवळ, नळ नाही, संडास नाही. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. कार्ड वाचून ती लस टोचायला जाणार कधी? देसाई आणि अल्वा या अभ्यासकांनी १९९८ मध्ये २२ देशांची आकडेवारी तपासली. नवऱ्याचं शिक्षण, नळ, संडास हिशेबात धरले की बालमृत्यूवरचा आईच्या शिक्षणाचा परिणाम बराच ओसरतो. सगळा भार बाईच्या शाळेवर टाकला की कारखाना आणि सरकार मोकळे!

सीमेवरचा:
जामखेड आपल्या बीडच्या शिवेलाच आहे. आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून तिथे शाळा न पाहिलेल्या बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. शाळेचा दाखला नसूनही त्या बायकांनी गावं सुधारली.

गोदाकाठ:
त्या बायका शिकल्याच की, फक्त शाळेत नाही. आणि दादा, त्याच १९९८ च्या अभ्यासात साधारण निम्म्या देशांत लसीकरणावरचा आईच्या शिक्षणाचा परिणाम टिकून राहिला, तेही सांगा. पाण्याचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण आमच्याकडे पुढची शाळा लांब, म्हणून पोरगी आठवीला घरी बसते. मग दिवाळीआधी लग्न, कारण कोयता जोडप्याचा, ऊसतोडीला नवरा-बायको मिळूनच घेतात. सतराव्या वर्षी बाळंतपण, आणि मी वजन करते तेव्हा बाळ दोन किलोचं. ते काट्यावर ठेवताना हात थरथरतो.

फडकरी:
हे आमच्याच वस्तीतलं सांगितलंत. पुतणी सातवीत आहे, यंदा तिला फडावर न्यायचं ठरलं होतं. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं गावातच राहून शिकतात ते हंगामी वसतिगृह कधी सुरू होतंय, ते उद्या शाळेत जाऊन विचारतो.