'संमती', 'परवानगी' की 'राजीखुशी'?

मंडळी, एक शब्द अडलाय. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतल्या (लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या) कामगारांच्या खोकल्या-दम्यावर अभ्यास करायचाय, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची फाईल जवळपास झाली आणि 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'ला (अभ्यासाची सगळी माहिती देऊन मग माणसाकडनं घ्यायची मान्यता) येऊन गाडी थांबली. कुणी 'माहितीपूर्ण संमती' लिहितंय, कुणी 'सूचित सहमती', एका जुन्या फॉर्मात तर 'मानवी विषयांची परवानगी' सापडलं. साच्यावर उभ्या माणसाला कळंल असं काय लिहू?

—

'मानवी विषय' आधी खोडा हो. माणूस काय भूगोल आहे काय? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांत 'पार्टिसिपंट' आहे, माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या जागतिक हेलसिंकी जाहीरनाम्यानं पण २०२४ ला 'सब्जेक्ट' काढलं. 'सहभागी व्यक्ती' लिहा. परवानगी मालक देतो, कारखान्यात शिरायला ती लागेलच पण ती वेगळी, संमती ज्याची त्याची. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापासनं हाच शब्द आहे. सहमती म्हणजे चारचौघांचं जमलं. आणि संमतिपत्रातला ति ऱ्हस्व!

—

'माहितीपूर्ण' लेख असतोय ओ, संमती कशी असंल? आपल्या खरेदीखतात आहे की, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो'. जबरदस्ती नाही आणि समजून दिलंय, दोन्ही आलं.

—

ताई शब्द नाद खुळा, पण घोळ तिथंच आहे. खरेदीखतावर अंगठा उठला की रान गेलं, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. ऊसतोड बायकांच्या अभ्यासात मी फॉर्म वाचून दाखवत होतो, 'लिहून देते' आलं तशी बीडकडच्या एका मावशीनं हातच मागं घेतला, "काय लिहून घ्यायलास बाबा, उचलीतून कापणार तर न्हाईस?" हितं तर सही केल्यावरपण कारण न सांगता कधीही बाहेर पडता येतं, म्हणजे खताच्या बरोबर उलटं. मग आम्ही 'लिहून देणे' काढलं, 'समजून-उमजून दिलेली संमती' केलं आणि 'मधेच सोडलं तरी चालतंय' हे वरच्या ओळीत आणलं. वाचता येत नसंल तर अंगठा, सोबत टीमशी संबंध नसलेला साक्षीदार. मराठी फॉर्म दुसऱ्या कुणाकडनं तरी परत इंग्रजीत करून बघा, शब्द कुठं घसरलाय ते तिथंच कळतंय.

—

आणि पोरांच्या 'असेंट'ला, म्हणजे अभ्यासात यायला पोरानं स्वतः 'हो' म्हणायचं त्याला, काय म्हणता? ७ ते १२ ला तोंडी, १२ ते १८ ला लेखी लागतं. मी 'मुलाचा होकार' लिहिते, संमती आईबापाची.

—

'होकार' भारी आहे. माझ्याकडं १८ खालचं कोण नाही, नसावं तरी. 'समजून-उमजून' घेतोय, राजीखुशी तोंडी बोलताना वापरीन.