रेघ आधी की बिंदू आधी?
वर कोणीतरी लिहिलंय की लाइबनिझच्या (सतराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती) मते रेघ म्हणजे एकाला एक चिकटवलेले अनंत बिंदू. नाही हो, ते गॅलिलिओच्या (१६३८चं पुस्तक) जास्त जवळ जातं. लाइबनिझ तरुणपणी थोडा घोळात होता पण नंतर त्याचं म्हणणं पक्कं, बिंदू हे रेघेचे भागच नाहीत, फक्त टोकं, आणि रेघेत अख्खं आधी, तुकडे तुम्ही पाडाल तिथे पडणार. खऱ्या वस्तूंचं बरोब्बर उलटं, तिथे भाग आधी, आणि अख्खं म्हणजे कळपासारखं, मेंढ्या खऱ्या, कळप आपण म्हणतो म्हणून एक. १६८७ला आर्नो या फ्रेंच विचारवंताला लिहिलेल्या पत्रात हेच, की जे खरोखर एक नाही ते खरोखर आहे असंही म्हणता येत नाही. मला त्याचा १६७६चा कागदाचा दाखला जाम आवडतो, वस्तू म्हणजे वाळूसारखे सुटे कण नाहीत, कागदाला घडीत घडी पडत जाते, कितीही बारीक घाला, बिंदू काही हाती लागत नाही. मग खरं 'एक' आणायचं कुठून? तर मोनाड, म्हणजे त्याच्या मते सगळ्याच्या मुळाशी असलेली, भाग न पडणारी साधी गोष्ट, जिला आकारमानच नाही. आता बिनआकाराच्या गोष्टींतून टेबल कसं उभं राहतं विचारा, की गाडी परत तिथेच अडली.