खान्देशातल्या इंडी गाण्यांवर मॅगझिन काढतोय, कव्हर बघून पोरं विचारतात क्लासचं पॅम्फ्लेट आहे का. काय चुकतंय?

कॅसिओ_भुसावळ:
नमस्कार मंडळी. मी भुसावळचा, टीवायला आहे, डिझाइन कुठे शिकलो नाही, यूट्यूब बघून जेवढं आलं तेवढं. आम्ही चौघं मिळून इकडच्या स्वतःची गाणी करणाऱ्या पोरांवर छोटं छापील मॅगझिन काढतोय, म्हणजे अहिराणी रॅपवाले, घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड करणारे, एकदोन कॉलेजचे बँड. वाचणारे 17 ते 24 चे. डमी केली ए फोर, पूर्ण काळं बॅकग्राउंड, निऑन हिरवी-गुलाबी अक्षरं, कव्हरवर इलेक्ट्रिक गिटार आणि हेडफोन घातलेली मुलगी (फुकटचा स्टॉक फोटो). परदेशी मॅगझिनं बघून बघून केलं. कॉलेजच्या गेटवर दाखवलं तर एक म्हणे क्लासचं पॅम्फ्लेट का, दुसरा म्हणे मोबाईलच्या दुकानाची जाहिरात, आणि मामेबहिणीने तर उघडलंच नाही. वर प्रिंट काढल्यावर शीर्षकं तुटल्यासारखी दिसतायत, स्क्रीनवर भारी होती. 300 प्रती, बजेट 15 हजाराच्या आत. काय बदलू? मनाला लावून घेणार नाही.

छापखाना_धुळे:
भाऊ, आमच्याकडे लग्नपत्रिकाच जास्त, त्यामुळे फॅशनचं मला विचारू नको, छपाईचं सांगतो.

शीर्षकात तू अक्षरांमध्ये जागा सोडलीय, हो ना? इंग्रजीत ते मोकळं मोकळं छान दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ट्रॅकिंग शून्य कर. जोडाक्षरंही फुटत असतील तर इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग चालू कर. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, जोर दाखवायचा तर जाडी नाहीतर साइझ. ओळींत जागा इंग्रजीपेक्षा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीच्या डोक्यावर बसतो.

निऑन विसर. स्क्रीनचा रंग उजेडाचा, इथे शाई आहे, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तुझा तो हिरवा पालकाच्या भाजीसारखा येणार. खरा पाहिजे तर फ्लोरोसंट शाई वेगळी घ्यावी लागते, 300 प्रतीला कशाला. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं तर मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदावर, नकोच, शाई पसरते आणि मात्रा भरून जातात.

साइझ ए फाइव्ह कर. डिजिटल छपाईला 12 बाय 18 इंचाच्या एका शीटवर दोन्ही बाजू मिळून 8 पानं बसतात, म्हणजे 16 पानी अंक दोन शीटमध्ये, मधे दोन पिना, झालं. पानं 4 च्या पटीत ठेव बाबा, मागे एक जण 18 पानी घेऊन आला होता, उरलेली दोन मी खिशात ठेवू का? कडेला 3 मिमी ब्लीड सोड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग. एकरंगी करणार असशील तर ऑफसेटचाही (प्लेट बनवून छापतात ते) भाव काढ, प्लेटचा खर्च धरून.

रील_किंग_अमळनेर:
छापील कोण वाचतो भो, इन्स्टावर टाक, फुकट शे.

पावरीवाली_शहादा:
वाचते ना, मीच. 19 ची आहे. इन्स्टावर टाकलेलं दुसऱ्या दिवशी सापडत नाही, कागद हॉस्टेलच्या भिंतीवर लावता येतो. त्यावरूनच आठवलं, मधल्या दोन पानांचं पोस्टर करा, पिना काढून लावता येईल असं.

पण दादा, ती हेडफोनवाली मुलगी मला आजवर शहाद्यात दिसली नाही. माझ्या वर्गातला एक जण खोलीच्या भिंतीला गोधड्या टांगून रेकॉर्ड करतो, घुमू नये म्हणून, होळीत मोबाईलवर घेतलेली पावरी (आमच्याकडचं फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) आणि ढोल तो बीटमध्ये टाकतो. त्या गोधड्यांचा फोटो कव्हरवर असता तर मी नक्की उघडलं असतं. आणि अहिराणीत बोलणाऱ्याची मुलाखत प्रमाण मराठीत नका धुऊन काढू. तो म्हणतो "मन्हं गाणं मी मन्हा आवाजमा म्हनस", तुम्ही छापणार "मी माझ्या आवाजात गातो", मग राहिलं काय त्यात? अजून एक, तुमच्या यादीत सगळी पोरंच दिसतायत. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, गाण्यांना स्वतःची कडवी जोडणाऱ्या आमच्या आत्या इंडी नाहीत का?

जुना_कॅसेटवाला:
रील_किंगला एक सांगतो, रॉक स्ट्रीट जर्नल हे रॉक संगीताचं छापील मॅगझिन 1993 ला अलाहाबादेतून निघालं, मुंबई-दिल्लीतून नाही. लंडनचं स्निफिन ग्लू हे पंक गाण्यांवरचं घरगुती मॅगझिन 1976 चं, टाइपरायटरवर टाइप केलेलं, शीर्षकं स्केचपेनने हाताने, मग फोटोकॉपी. ते तसं दिसलं कारण हाताशी तेवढंच होतं. आता पोरं कॉम्प्युटरवर मुद्दाम फाटके कागद आणि डाग टाकतात, ते नाटक करू नको.

तुझ्या हाताशी काय आहे? ट्रॅक्टरची ट्रॉली आणि बँडची गाडी रंगवणारे पेंटर आहेत. एकाला पैसे देऊन मॅगझिनचं नाव ब्रशने काढून घे, 600 डीपीआयला स्कॅन कर, आत त्याचं नाव छाप. असं अक्षर कोणत्याच ॲपमध्ये मिळायचं नाही. दुसरं, प्रत्येक गाण्याजवळ क्यूआर दे, दोनेक सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, घडीवर नको. तो थेट यूट्यूबला न जोडता तुझ्या एका पानाला जोड, कारण पोरं गाणी काढून परत टाकतात आणि छापलेला क्यूआर बदलता येत नाही. नियमित काढणार असशील तर नोंदणीचंही बघ, नियतकालिकांचा 2023 चा नवा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू आहे.

कॅसिओ_भुसावळ:
बाप रे, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. ट्रॅकिंग 120 होतं 🙈 शून्य केलं तर शीर्षक लगेच माणसात आलं. ए फाइव्ह, 16 पानी, काळा अधिक एक केशरी ठरवलं. कव्हरला आमच्या गल्लीतल्या बँडच्या गाडीवरचा कॅसिओ घेतोय, वाजवणाऱ्याला विचारलं तर म्हणे फोटो काढ पण आधी पुसू दे. मी म्हटलं पुसू नको. ताई, आत्यांचा नंबर मिळेल का, मेसेज करतो. एकच अडकलंय, आतल्या मजकुराचा ल आणि श हिंदीसारखा येतोय, बरोबर वाटत नाही.

छापखाना_धुळे:
टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लावून बघ, फुकट आहे, ल-श आपल्या वळणाचे. आणि केशरीसोबत दोनरंगी ऑफसेट म्हणजे प्लेटा डबल, आधी भाव विचार, मग पेंटरला ॲडव्हान्स दे.