देव गप्प असतो तेव्हा

ताई, वर्षभर प्रार्थना करूनही उत्तर नाही, मग देव वाट दाखवतो हे कसं मानायचं, असं तुम्ही विचारलंत. मला बायबलमधला योसेफ आठवला. भावांनी विकलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता, इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा 30 चा. मधल्या 13 वर्षांत देव त्याच्याशी बोलल्याची एकही ओळ उत्पत्तीत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकात, नाही. परमेश्वर त्याच्याबरोबर होता, एवढंच येतं.

पुढे इजिप्तमध्ये तो तुरुंगात पडला. तिथली एक सकाळ मात्र बारकाईने सांगितली आहे. दोन कैद्यांचे चेहरे उतरलेले त्याला दिसतात आणि तो विचारतो, आज असे का? स्वतःच कैदेत असताना! त्यातला प्यालेबरदार, म्हणजे फारोला प्याला देणारा सेवक, सुटतो आणि योसेफाला साफ विसरतो. आणखी दोन वर्षं जातात. पण शेवटी दार उघडतं ते त्याच ओळखीतून: तोच फारोला योसेफाबद्दल सांगतो. त्या सकाळी योसेफाला हे कळणं शक्यच नव्हतं.

आईच्या आजारपणात मलाही शब्द सुचत नसत. तिच्या उशाशी बसून मी बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचायचो. ते अंधारातच संपतं, तरी प्रार्थना म्हणूनच शास्त्रात आहे. तुम्हीही एकदा मोठ्याने वाचून बघा. आज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करतो.