मदत हवी आहे: एमआरआयच्या चित्रातले बारीक तपशील पुसले जातायत
नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रकल्पासाठी कॉम्प्रेस्ड सेन्सिंगवर (कमी मोजमापांतून पूर्ण चित्र उभं करण्याचं तंत्र) काम करतेय. लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांची 2007 ची पद्धत: के-स्पेसच्या (स्कॅनर मोजतो तो कच्चा वारंवारता-डेटा) थोड्याच ओळी मोजायच्या, म्हणजे स्कॅन लवकर संपतो, मध्यभागी दाट, कडेला विरळ आणि रँडम, मग वेव्हलेटच्या (चित्र मोजक्या आकड्यांत मांडणारं गणिती रूपांतर) आधारे चित्र उभं करायचं. मी 256 पैकी 64 ओळी घेतल्या. लॅम्डा (चित्र किती जोरात साफ करायचं ते ठरवणारा आकडा) कमी ठेवला तर चित्रभर खरखर राहते. वाढवला की मेंदूच्या घड्यांच्या कडा मेणासारख्या गुळगुळीत होतात. पीएसएनआर (मूळ चित्राशी किती जुळतं ते सांगणारा आकडा) मात्र वाढलेलाच दिसतो, म्हणून त्या आकड्यावर माझा विश्वास नाही. एखादी छोटी गाठ अशीच पुसली गेली तर? तुम्ही लॅम्डा कसा ठरवता? टोटल व्हेरिएशन (शेजारच्या बिंदूंमधले फरक कमी ठेवणारी अट) जोडून फरक पडतो का? डेटा एकाच कॉइलचा (सिग्नल टिपणाऱ्या अँटेनाचा) आहे. लहान मुलांना स्कॅनरमध्ये कमी वेळ निपचित पडावं लागावं, म्हणून हा विषय घेतलाय. कृपया अनुभव सांगा.